अष्टागर ते हबसाण: नव्याने राहायला आलेल्यांसाठी वारशाची वाट

अलिबागच्या एसटी स्टँडवर उतरून समुद्राकडे चालत निघालात, तर थोड्याच अंतरात बरेच काही लागते. आंग्र्यांच्या समाध्या, इस्रायल आळीतले सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, किनाऱ्यालगतची कोळ्यांची वस्ती आणि समोर पाण्यात उभा कुलाबा किल्ला. त्या किल्ल्याच्या तटाआत गणपतीचे देऊळ आहे आणि दर्गाही आहे. मी नोकरीत बदली होऊन इथे आले, तेव्हा पहिली दोन वर्षे याच रस्त्याने रोज ये-जा करत होते. त्या दोन वर्षांत मी फक्त किल्ला पाहिला, तोही पाहुणे आले म्हणून. बाकी कशाकडे बघायचे हे मला कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

तुम्ही थळच्या, साळावच्या किंवा डोलवीच्या कारखान्यात नोकरीला आला असाल, शाळेत रुजू झाला असाल किंवा निवृत्तीनंतर वाडी घेऊन राहिला असाल, तर माझी ती दोन वर्षे तुम्ही वाचवावीत म्हणून हे लिहिते आहे. अलिबाग-चौल-रेवदंड्याचा पट्टा म्हणजे अष्टागर. खाडी ओलांडून मुरूडकडे गेलात की आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचा मुलूख, जुन्या कागदांतला हबसाण. या किनाऱ्यावर कोळी, आगरी, ब्राह्मण, भंडारी, कोकणी मुसलमान, बेने इस्रायल, कोर्लईचे ख्रिस्ती, सिद्दी आणि कातकरी शेजारी-शेजारी राहत आले. सगळ्यांचे एकत्र संग्रहालय मात्र कुठेही नाही. इथला वारसा गावागावांत आणि घराघरांत विखुरला आहे, आणि एकाची माहिती बऱ्याचदा दुसऱ्याच्या घरी मिळते. त्यामुळे कुठल्या क्रमाने जायचे याला महत्त्व आहे. मला उपयोगी पडलेला क्रम पुढे देते.

पहिली पायरी: तिथी बघायला शिका

हे विचित्र वाटेल, पण भिंतीवर मराठी कॅलेंडर लावा. इथे भरती-ओहोटी कळल्याशिवाय किल्ला गाठता येत नाही आणि कोळीवाड्यात कुणाला कधी वेळ असतो तेही कळत नाही. किनाऱ्यावरचे गणित सोपे आहे. तिथीला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे.

यात एक मेख आहे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि ओहोटीला फार उतरतही नाही. कुलाबा किल्ल्यात कोरड्या पायांनी जायचे असेल तर अमावास्या-पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया बघा. तृतीयेचे गणित सव्वादोन येते, म्हणजे सकाळी सव्वाआठ-साडेआठला पाणी पुष्कळ आत गेलेले असते. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघा आणि पाणी वळायच्या आत परत या. हे गणित ढोबळ आहे. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला किंवा कोळी दादांना विचारून घ्या, त्यांनी नको म्हटले तर हट्ट करू नका. पावसाळ्यात चालत जायचा विचारच नको.

किल्ल्यात आधी गणेश पंचायतन बघा, मग दर्गा, मग गोड्या पाण्याचे तळे. भोवती खारे पाणी असताना आत गोडे पाणी कसे टिकवले, हे बघत थोडा वेळ थांबा. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. पण या किनाऱ्यावर त्यांचे नाव अजून घरातल्या माणसासारखे घेतले जाते, ते तुम्हाला लवकरच ऐकू येईल.

दुसरी पायरी: आडनावे ऐका

पेणकर, किहीमकर, नवगावकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर, दिवेकर. यातले एखादे आडनाव कानावर आले की ते कुठल्या समाजाचे हे एका ऐकण्यात ठरवू नका. गावाला ‘कर’ लावण्याची आपली मराठी रीत बेने इस्रायल ज्यूंनीही पूर्णपणे आपलीशी केली. त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी नवगावजवळ एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचा वंश या किनाऱ्यावर वाढला. नवगावच्या दफनभूमीत या घटनेचे स्मारक उभारले आहे. तिथल्या जुन्या कबरींवर अक्षरे नाहीत, नुसते दगड आहेत. तिथे हळू पावलांनी फिरा.

हा समाज गावोगाव तेलाचे घाणे चालवायचा. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून शनिवारी घाणा बंद असायचा, त्यावरून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. एवढ्या एका शब्दात केवढी माहिती साठली आहे बघा: धंदा, धर्म आणि शेजाऱ्यांची नजर.

अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन आबोथ हे सिनेगॉग तुमच्या सुरुवातीसाठी चांगले. रेवदंडा, पेण आणि पनवेलमध्येही सिनेगॉग आहेत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि इथे मोजकी घरे उरली, त्यामुळे दार सदासर्वकाळ उघडे असेल असे धरून चालू नका. आधी आळीत चौकशी करा. दार बंद असेल तर शेजारच्या घरी विचारा. माझ्या पहिल्या भेटीत मला किल्लीचा पत्ता समोरच्या मराठी आजींनी दिला, आणि वर बजावले, "शनिवारी जाऊ नको हो, त्यांचा शब्बाथ असतो." आत जाताना पुरुषांनी डोके झाकावे, साधा रुमालही चालतो. फोटो काढण्यापूर्वी विचारा.

बेने इस्रायल जुन्या पिढीच्या बोलण्यात सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत. त्यांच्या सणांची जुनी मराठी नावे तर मला फार आवडतात. ज्यू नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. पुरीम म्हणजे ‘होळीचा सण’, कारण तो साधारण आपल्या होळीच्या दिवसांत येतो. यरुशलेमचे मंदिर पाडले गेले त्या शोकाच्या दिवशीचा उपास म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’, कारण तो वालाच्या बिरड्यावर सोडायचा. हिब्रू दिवस, फारसी ‘रोजा’ आणि कोकणातले बिरडे, तिन्ही एकाच नावात. १९ व्या शतकात याच समाजाने जुन्या करारातल्या कथांवर मराठीत कीर्तनेही रचून गायली.

अलिबागजवळ खंडाळा गावात एक खडक आहे. संदेष्टा एलियाहू हानावी रथातून स्वर्गात जाताना त्याच्या खुणा त्या खडकावर उमटल्या, अशी बेने इस्रायलांची श्रद्धा आहे. नवस फेडायला, शुभकार्यापूर्वी ते एलियाहूच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, खोबरे, सुका मेवा आणि फळे ताटात मांडून प्रार्थना म्हणतात. ‘मलिदा’ हा शब्द तुम्ही दर्ग्यावरही ऐकला असेल. इस्रायलहून येणारी नातवंडे-पतवंडे या खडकापाशी आवर्जून जातात. आजोबांचे गाव शोधत आलेल्या अशा कुणी तुम्हाला पत्ता विचारला, तर तो तुम्हाला सांगता यावा, म्हणूनही हे माहीत असू द्या.

तिसरी पायरी: मासळी बाजार आणि स्वयंपाकघर

मासळी बाजारात सकाळी जा. पहिल्या दिवशी भाव करू नका, नुसती नावे शिका. कोळणी आणि आगरी बायका आपसांत बोलतात ते कान देऊन ऐका. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘मला’चे ‘मना’ होते. ही बोली अशुद्ध नाही. तिच्या स्वतःच्या गाण्यांचा मोठा साठा आहे, त्याबद्दल शेवटी सांगते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात सुकी मासळी आणि खाडीची मासळी दिसेल. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला जातो. तो दिवस कोळीवाड्यात घालवा.

बाजाराशी जोडलेली एक गोष्ट बेने इस्रायल सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू गृहस्थ या किनाऱ्यावर आला. हे लोक खरेच ज्यू आहेत का, हे बघायला त्याने बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे शिजवायला घेतले आणि बाकीची मासळी बाजूला काढली. ज्यू धर्मशास्त्राचा नियम नेमका तोच. ग्रंथ हाताशी नसताना तो नियम स्वयंपाकघरात टिकून होता. इथल्या वारशाकडे कसे बघावे, हे मला या गोष्टीने शिकवले.

म्हणून जेवायला बोलावले तर जा. सांदण तुम्हाला कोकणी मुसलमान घरात मिळेल, बेने इस्रायल घरात मिळेल आणि हिंदू घरातही फणसाच्या दिवसांत मिळेल, प्रत्येक वेळी थोडे वेगळे. वालाच्या बिरड्याचेही तसेच. नव्याच्या सणाला बेने इस्रायल गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध आटवून चिकाचा हलवा करतात. एकाच पदार्थाची कृती दोन-तीन घरांतून लिहून घ्या आणि त्या शेजारी ठेवून वाचा. कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त कळते.

चौथी पायरी: अक्षी, चौल, रेवदंडा, आणि सालांची गणिते

हा पूर्ण दिवसाचा रस्ता आहे. अलिबागहून रेवदंड्याची एसटी मिळते, पण वाटेत उतरत जायचे असेल तर स्वतःची दुचाकी किंवा दिवसभराची रिक्षा बरी. आधी वहीच्या पहिल्या पानावर तीन हिशेब लिहून घ्या. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो. ज्यू सालातून ३७६० वजा करायचे. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे. या किनाऱ्यावर एका दिवसात तुम्हाला ही तिन्ही साले आणि पोर्तुगिजांचे इसवी सनाचे आकडे दगडावर भेटू शकतात.

अक्षीच्या शिलालेखापासून सुरुवात करा. ही गद्धेगाळ आहे. दान मोडणाऱ्याला शाप म्हणून खाली गाढवाचे चित्र कोरतात, ती शिळा. लेख शिलाहार राजवटीतला आणि मराठीतला. त्यातले साल अनेक अभ्यासक शके ९३४ असे वाचतात, म्हणजे इ. स. १०१२. तसे वाचले तर हा मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक ठरतो. वाचनाबद्दल मतभेद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. तरी ज्या भाषेत तुम्ही हे वाचता आहात, तिचा इतका जुना नमुना अलिबागपासून हाकेच्या अंतरावर आहे, हे मला दर वेळी नव्याने जाणवते. दगडाला हात लावू नका, अक्षरांवर खडू किंवा पाणी मुळीच नको. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे आपोआप उठून दिसतात.

चौल आज शांत गाव आहे. कधीकाळी ते मोठे बंदर होते. पहिल्या शतकातल्या ग्रीक नोंदींत ते ‘सेमुल्ला’ म्हणून येते. १० व्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल् मसुदी इथे आला, तेव्हा त्याने ‘सैमूर’ असे लिहिले आणि इथल्या मोठ्या मुसलमान वस्तीची नोंद केली. शिलाहार राजांच्या राज्यात ही वस्ती आपले व्यवहार आपल्या प्रमुखाकडून चालवून घेत होती. १५ व्या शतकात रशियातला व्यापारी अफनासी निकितिन इथेच उतरला. आपण गोरे म्हणून लोक आपल्यामागे गर्दी करतात, असे त्याने लिहून ठेवले. त्याचे स्मारक रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे. शाळेच्या वेळात गेलात तर आधी कार्यालयात विचारा.

चौलमध्ये रामेश्वराचे देऊळ आणि त्यापुढची पुष्करणी बघा. देवळातल्या पर्जन्यकुंडाची कथा पुजाऱ्यांकडून ऐका: अवर्षण पडले की हे कुंड उघडायचे. मग जुन्या हमामखान्याचे आणि मशिदीचे अवशेष. ते वाड्यांच्या गर्दीत आहेत, स्थानिक माणसाला सोबत घ्या. वेळ असेल तर डोंगरावरच्या दत्ताला जा. दत्तजयंतीला इथे मोठी यात्रा भरते. पण पायऱ्या आणि परिसर शांतपणे बघायचा असेल तर दुसरा दिवस निवडा.

रेवदंड्यात तर रस्ताच किल्ल्यातून जातो. पोर्तुगिजांनी इथे १५१६ मध्ये वखार घातली आणि १५२१ मध्ये किल्ला बांधायला घेतला. त्याआधी १५०८ मध्ये याच पाण्यात पोर्तुगीज आणि इजिप्तचे आरमार लढले, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. लिस्बन आणि कैरोचे भांडण चौलच्या खाडीत मिटवायला आले होते! आज चर्चच्या भिंती आणि सातखणी मनोऱ्याचे अवशेष नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये उभे आहेत. वाडी कुणाच्या तरी मालकीची असते. हाक मारून, विचारून आत जा. मालक नुसते होच म्हणत नाहीत, बऱ्याचदा शहाळेही देतात. त्याचे पैसे द्या.

पाचवी पायरी: कोर्लई, कान उघडे ठेवून

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. बहुतेक लोक दीपगृह आणि किल्ला बघून परततात. खरा ठेवा गावात आहे. १७४० मध्ये रेवदंडा-कोर्लई मराठ्यांकडे आले आणि पोर्तुगीज निघून गेले. त्यांच्या भाषेतून इथे घडलेली बोली मात्र कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत राहिली. पावणेतीनशेहून अधिक वर्षे चहूबाजूंनी मराठी असूनही. बोलणारे हजाराच्या आसपास आहेत. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा.

या बोलीतले शब्द बहुतांशी पोर्तुगीज मुळाचे, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९९६ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. तुम्हाला पुस्तक लगेच वाचायची गरज नाही. आपल्या मराठीतले पाव, बटाटा, चावी, साबण, बादली, पगार हे शब्द आठवा, तेही पोर्तुगिजांकडूनच आले. ही यादी बरोबर घेऊन गेलात तर गप्पांना विषय मिळतो.

जाताना रविवारी सकाळी चर्चची वेळ संपल्यावर जा, उपासनेच्या मध्ये नको. "तुमची भाषा बोलून दाखवा" असे रस्त्यात कुणालाही म्हणू नका. ते लोक प्रदर्शनाला उभे नाहीत. दुकानातून काही घ्या, बोला, आपण कुठून आलो ते सांगा. ओळख झाल्यावर एखादी काकू स्वतःहून म्हणते, "आमच्या भाषेत याला असं म्हणतात." तो शब्द तुमच्या वहीत जावा, बोलणाऱ्याच्या संमतीने.

सहावी पायरी: जंजिरा आणि खोकरी

मुरूडला मुक्काम करा, एका दिवसात हात लावून परत येण्याची ही जागा नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या किल्ल्यात नेतात. पावसाळ्यात त्या बंद असतात. ‘जंजिरा’ हा शब्द अरबीतल्या बेटाच्या शब्दावरून आला. परंपरा सांगते, की इथे आधी राम पाटील या कोळ्याचा लाकडी मेढेकोट होता. पुढे किल्ला आफ्रिकेतून आलेल्या हबशी सरदारांकडे, म्हणजे सिद्दींकडे गेला आणि त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. दाराशी हत्तींना पंजांत धरलेल्या प्राण्याचे शिल्प आहे, आत कलालबांगडी तोफ आहे आणि गोड्या पाण्याची तळी आहेत. होडीवाले सांगतात त्यातल्या काही कथा रंगवलेल्या असतात. ऐका, वहीत ‘ऐकीव’ म्हणून लिहा.

समोरच शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग दिसेल. जंजिऱ्याला शिड्या लावण्याचे धाडस करणाऱ्या लाय पाटील कोळ्याची कथा या दोन किल्ल्यांच्या मधल्या पाण्यातली आहे.

परतताना खोकरीला थांबा. सिद्दी सरदारांच्या तीन दगडी कबरी आहेत, जाळीकाम सुंदर आहे आणि गर्दी नसते. मला जंजिऱ्याइतकीच ही जागा प्रिय आहे.

सातवी पायरी: हात कसे चालतात ते बघा

दगड आणि भाषा झाल्या, आता कारागिरी. मांडव्याच्या रस्त्यावर सासवणे गावात शिल्पकार नानासाहेब करमरकर यांच्या घरी त्यांचे शिल्पालय आहे. विनायक पांडुरंग करमरकर १८९१ मध्ये याच गावात जन्मले. लहानपणी त्यांनी देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिले आणि या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायची वाट करून दिली. पुण्यात १९२८ मध्ये उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सासवण्यात मात्र थोरामोठ्यांच्या पुतळ्यांपेक्षा कोळणी आणि गावातली साधी माणसे बघत राहा. मासळी बाजार करून झाल्यावर इथे जा असे मी मुद्दाम सांगते. बाजारात दिसलेली मानेची ऐट इथे ओळखू येते.

गणपतीच्या मूर्तींसाठी पेण आणि त्याजवळची हमरापूर, जोहे ही गावे. कारखाने वर्षभर चालू असतात. श्रावणात कारागिरांना मान वर करायला वेळ नसतो, म्हणून दिवाळीनंतर जा. माती मळणे, साचा, जोडकाम, रंग हे सगळे बघता येते, पण सगळ्यात शेवटी होणारी डोळ्यांची आखणी बघायला मिळाली तर बोलू नका, श्वास रोखून बघा.

आठवी पायरी: कागद

इतके फिरून झाल्यावरच वाचायला बसा, तेव्हा नावांना चेहरे असतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ११ वा खंड कुलाबा आणि जंजिऱ्यावर आहे, साल १८८३. राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाने जुनी गॅझेटियर विनामूल्य वाचायला ठेवली आहेत. गावे, देवळे, सिनेगॉग, कबरी, बाजार यांची बारकाईने माहिती मिळते. पण ती इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेतून लिहिली आहे. जातींबद्दलची सरसकट विधाने तशीच्या तशी कुठे उद्धृत करू नका, त्यांनी शेजारी दुखावतात. हा जिल्हा तेव्हा कुलाबा होता, १९८१ मध्ये त्याचे रायगड झाले. शोधताना दोन्ही नावे वापरा.

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हा. स्थानिक स्मरणिका, शाळांचे शताब्दी अंक, देवस्थानांच्या पुस्तिका तिथेच सापडतात. आंग्रेकाळात उतरायची इच्छा झाली तर मोडी शिका. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात त्या काळचे कागद मोडीत आहेत.

नववी पायरी: विचारणे, नोंदवणे, परत देणे

आगरी-कोळी लग्नात धवलारीण असते. विधी तीच चालवते आणि प्रत्येक विधीला धवले गाते. पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ चालत आलेली ही गाणी आहेत. कमी होत चाललेल्या धवलारणींपैकी एखादीला ऐकायची संधी लग्नाच्या आमंत्रणानेच येते, आणि आमंत्रण शेजारधर्मातून येते. घरी जाऊन "गाऊन दाखवा, रेकॉर्ड करतो" म्हणू नका. त्या गाण्यांना जागा आणि वेळ असते, हळदीचे गाणे हळदीलाच. मांडवात बसून ऐका. रेकॉर्डिंग करायचे असेल तर आदल्या दिवशी धवलारीण मावशींना आणि यजमानांना दोघांनाही विचारा, आणि विचारल्याशिवाय ते इंटरनेटवर टाकू नका. माझ्या ओळखीच्या एका मावशींचा आवाज असा कुणीतरी उचलून नावाशिवाय सगळीकडे फिरवला. त्या पुढे वर्षभर फोन समोर दिसला की गप्प बसायच्या.

प्रत्येक नोंदीखाली चार गोष्टी लिहा: कुणी सांगितले, कुठल्या गावात, कुठल्या तारखेला, आणि ती व्यक्ती हे कुणाकडून शिकली. चौथा प्रश्न विचारायला लोक विसरतात. त्याच प्रश्नावर आज्या बोलत्या होतात, कारण उत्तरात त्यांची आई येते, सासू येते, माहेरचे गाव येते. नाव द्यायचे नसेल तर फक्त गाव लिहा.

फोटोच्या दोन प्रती काढा, एक त्यांच्या घरी पोचवा. आवाज नोंदवला असेल तर घरातल्या मुलांच्या फोनवर तो टाकून द्या. मी एका बेने इस्रायल आजींकडून चिकाच्या हलव्याची कृती लिहून घेतली होती. ती सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून त्या आजींना नेऊन दिली, तेव्हा त्यांनी दोन ठिकाणी पेन्सिलीने माप दुरुस्त केले आणि कागद इस्रायलमधल्या नातीला पाठवायला बाजूला ठेवला. दुरुस्त मापे मी उतरवून घेतली. त्याआधी माझा हलवा दर वेळी बिघडत असे.